श्रावणातलं विलायती पॉलिश

शिरवण्याच्या चांगदेव म्हात्र्यांनी त्या सकाळी फक्त एक खिळा ठोकायचं ठरवलं होतं. पनवेलच्या बाजारातून त्यांनी लंबकाचं घड्याळ आणलं होतं, ते ओटीवरच्या मधल्या खांबाला टांगायचं, एवढाच बेत. हातोडी काही जागेवर सापडेना (हातोडी जागेवर सापडते ते घर दुसऱ्याचं असतं). तोवर निदान जागा तरी ठरवून ठेवावी म्हणून शेठनी खिळ्याचं टोक खांबाला टेकवलं आणि अंगठ्याने जरासं दाबलं.

खिळा आत गेला. पिकल्या पपईत सुरी जावी तसा, डोक्यापर्यंत.

दुसरा कुणी असता तर ‘अरे, लाकूड कुजलं वाटतं’ म्हणून घड्याळ दुसऱ्या खांबाला लावून मोकळा झाला असता. पण चांगदेवशेठ लाकडाचे व्यापारी. बेलापूरच्या रस्त्याला त्यांची वखार. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण करवतीच्या भुशात बसून झालेलं. फळी नुसती हुंगून ती कुठल्या जंगलातली हे सांगायचे, आणि चुकले तरी इतक्या ठामपणे चुकायचे की गिऱ्हाईक जंगलालाच नावं ठेवून घरी जाई. वखारीत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: “आमच्या लाकडाला वालवी लागली तर वालवीचे दात परतील. पटत नसंल तर माझं घर येऊन बघा.” बारा वर्षं ह्या एका वाक्यावर त्यांनी पंचक्रोशीतले वासे, तुळया आणि चौकटी विकल्या होत्या. कुणी घर बघायला येत नसे. इतक्या ठामपणे बोलावलेल्या घरी कोण जातो?

तर आता कोणीतरी येणार होतं, हीच खरी पंचाईत. खाडीपलीकडच्या जासईत मारुतीच्या देवळाला नवा सभामंडप बांधायचं घाटत होतं. चोवीस खांब, त्यावर तुळया, त्यावर वासे. एवढं लाकूड एका गिऱ्हाइकाला देण्याचा योग व्यापाऱ्याच्या आयुष्यात एकदाच येतो. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष गोटीराम घरत वखारीत येऊन गेले, तेव्हा शेठनी नेहमीचं वाक्य टाकलं आणि गोटीराम म्हणाले, “बरं, येतो. पुढच्या रविवारी. खांब बघू, मग बोलू.”

त्या रविवारला आता आठ दिवस उरले होते, आणि ज्या खांबाच्या जिवावर आमंत्रण दिलं त्याच्यात खिळा अंगठ्याने जात होता.

शेठनी इकडेतिकडे बघितलं. खिळा तसाच आत राहू दिला, वर बोटाने थोडी माती पुसली, आणि हातोडी घेऊन आलेल्या बायकोला, सगुणाबाईंना, सांगितलं की घड्याळ आज नको, आज अमावस्या आहे. ती अमावस्या नव्हती, श्रावणातली चतुर्थी होती, आणि हे सगुणाबाईंना चांगलंच माहीत होतं. उद्याच्या नागपंचमीच्या लाह्या त्यांनी नुकत्याच भाजून ठेवल्या होत्या. पण नवऱ्याच्या तोंडून निघालेल्या तिथ्या त्या फारशा मनावर घेत नसत.

त्या दिवशी चांगदेवशेठनी मनाशी पण केला. एक तर मी ह्या घरात राहीन, नाहीतर वाळवी. शेवटची वाळवी मरेपर्यंत दाढी करणार नाही. (पण अर्धं गाव श्रावणात दाढी करत नाही, त्यामुळे ही भीष्मप्रतिज्ञा कुणाच्या लक्षातसुद्धा आली नाही.)

शत्रूला मारायचं तर आधी तो कसा राहतो ते बघावं, हा शहाणपणा त्यांना धंद्याने शिकवला होता. वखार दोन दिवस गड्यांवर सोडून ते घरातच चार पायांवर फिरू लागले. भाताच्या कणगीमागे त्यांना पहिला धागा सापडला: मातीची एक रेघ, पेन्सिलीएवढी जाड, जमिनीतून निघून भिंतीवरून वाकडीतिकडी चढत खांबाला जाऊन भिडलेली. ही रेघ त्यांनी आधीही बघितली होती. पावसाने भिंतीला ओघळ आला, असं समजून सोडून दिलं होतं. आता डोळसपणे बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ओघळ वरून खाली येतो, आणि ही खालून वर गेली होती.

काडीने त्यांनी रेघेचा बोटभर तुकडा पाडला. आत बोगदा. बोगद्यात भाताच्या कण्यांसारखे पांढुरके जीव, एकामागून एक, लगबगीने चाललेले. उजेड लागताच त्यांची पळापळ झाली आणि मोठ्या पिवळ्या डोक्याचे, चिमटे असलेले दोनचार शिपाई भोकाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. शेठ नाक लावून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो पाडलेला बोगदा पुन्हा बांधून तयार, माती अजून ओली. शेठना राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं. त्यांच्या वखारीत मोडलेलं फाटक तीन वर्षांपासून दोरीने बांधलेलं होतं.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. जून महिन्यात ह्याच ओटीवर भिंतीच्या भेगेतून पंखवाल्या किड्यांचा लोंढा निघाला होता. सगुणाबाईंनी दुसऱ्या दिवशी सूपभर पंख झाडून काढले आणि विचारलं होतं, हे काय. शेठ म्हणाले होते की मुंगीला मरताना पंख फुटतात, माणसांतसुद्धा बघ. आता कणगीखाली उरलेले चार पंख सापडले तेव्हा ते त्यांनी तळहातावर घेऊन नीट बघितले. चारही सारख्या लांबीचे. मुंगीचे पुढचे दोन मोठे आणि मागचे लहान असतात. शिवाय मुंगीला नऊवारी नेसल्यासारखी बारीक कंबर असते आणि ही बया कंबरच नसलेली, सरळसोट. म्हणजे त्या दिवशी ह्यांच्याच घरातून वाळवीची वऱ्हाडं नवी घरं मांडायला बाहेर पडत होती आणि घरमालक म्हणींचे अर्थ सांगत बसला होता.

त्यांनी हातोडीच्या दांड्याने घरातले सगळे खांब वाजवून बघितले. बाकीचे ‘ठण्ण’ वाजले. मधला खांब ‘डब्ब’ वाजला, कुणीतरी आत उशी भरून ठेवल्यासारखा. बाहेरून बघाल तर रंगरूप सारखंच. वाळवी शहाणी, वरचा पापुद्रा ठेवते आणि आतलं खाते. लोकांसमोर अब्रू शाबूत आणि आत सगळं पोकळ, अशी घरं शेठनी पुष्कळ बघितली होती, पण तसा खांब पहिल्यांदाच बघत होते.

सर्वांत मोठा धक्का तिसऱ्या दिवशी बसला. सगुणाबाई माहेरी कोपरखैरण्याला गेल्याची संधी साधून त्यांनी खांबाच्या पायाशी पहारीने हातभर खणलं. जोत्यात मुरूम निघायला हवा होता. निघाला भुसा. करवतीचा भुसा, लाकडाचे तुकडे, ढलप्या. शेठनी पहार बाजूला ठेवली, कारण ते सगळं त्यांनी स्वतः भरलं होतं. बारा वर्षांपूर्वी घर बांधताना गवंडी मुरूम मागत होता. शेठ म्हणाले होते, मुरूम कशाला विकत आणायचा, वखारीत ढीग पडलाय तो टाक. गाड्यांवर गाड्या भुसा ह्या जोत्यात जिरला होता. वर खांब दगडाच्या तळखड्यावर न बसवता हातभर जमिनीत गाडले होते, ‘हत्ती लोटला तरी हलायचे नाहीत’ म्हणून. गाभ्याचा तांबूस साग गिऱ्हाइकांना आणि कडेचा पांढरा, जो वाळवीला शिऱ्यासारखा लागतो, तो घरच्या मधल्या खांबाला. म्हणजे वाळवी घुसली वगैरे काही नव्हती. तिला पाट मांडून, पान वाढून, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणून बसवलं होतं.

शेठनी खड्डा बुजवला, वर शेणाने सारवलं. (आयुष्यात पहिल्यांदाच. ते सारवण बघून सगुणाबाईंनी नंतर विचारलं की इथे म्हैस लोळली होती का.) जोतं उपसायचं तर महिना हवा. हातात दिवस पाच.

अशा वेळी माणूस करू नये ते करतो. शेठ कोळीवाड्यात धर्मा तांडेलाकडे गेले. धर्मा त्यांचा जुना मित्र, तीन होड्यांचा मालक. नारळी पुनवेच्या आधीचे दिवस, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यांच्या बुडांना तेलपाणी चाललेलं. शेठनी आडून विचारलं, की एखाद्याच्या, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या, लाकडाला कीड लागली तर होडीवाले काय करतात. धर्मा म्हणाला, त्यात विचारायचं काय, मुशीच्या काळजाचं तेल. मुशी म्हणजे तो दांडगा दात असलेला मासा. त्याच्या काळजाचं तेल होडीला दोन हात चोळलं की खाऱ्या पाण्यातला किडासुद्धा तोंड लावत नाही. “वास येतो थोरा,” धर्मा चिमूट दाखवत म्हणाला. धर्माचा जन्म त्या वासात गेला होता, हे शेठनी हिशेबात धरायला हवं होतं.

डबा भरून तेल आलं. सगुणाबाई देवळात गेल्या असताना शेठनी ओटीवरच्या पाचही खांबांना दोन दोन हात चोळलं. मधल्या खांबाला चार. तेलाने खांब असे चकाकू लागले की गोटीराम घरतांनी त्यात तोंड बघावं. शेठ समाधानाने हात पुसत होते, तेवढ्यात पहिलं मांजर आलं.

ते एका डोळ्याचं, गावावरून ओवाळून टाकलेलं बोकं होतं. ते खांबाशी आलं, त्याने डोळा मिटला, आणि वारकऱ्याने गरुडखांबाला मिठी मारावी तशी खांबाला मिठी मारून चाटू लागलं. दुपारपर्यंत मांजरं सात झाली. संध्याकाळी मोजायला कुणी धजलं नाही.

आणि मांजरांपेक्षा वाईट म्हणजे वास. एरवी शिरवण्यात माशाच्या वासाकडे कुणी मान वळवत नाही. वास आला नाही तर माणसं काळजीने विचारतात की बरं नाही का. पण हा श्रावण होता. गावातल्या सगळ्या चुली आठ दिवस वरणभातावर होत्या, माणसं वालाच्या बिरड्याकडे बघून उसासे टाकत होती, आणि अशा गावाच्या मधोमध चांगदेवशेठच्या घरातून, भरदिवसा, मुशीचा घमघमाट सुटला होता.

सगुणाबाई देवळातून परत आल्या त्या गल्लीच्या तोंडाशीच थबकल्या. ओटीवर येऊन त्यांनी एकदा श्वास घेतला आणि शांतपणे विचारलं, “हे काय हाय?”

“पॉलिश हाय,” शेठ म्हणाले. “विलायती. लय महाग.”

“विलायतेत मुशीनं पालीश करतात काय?”

शेठनी सांगितलं की विलायतेत काहीही करतात, आणि ते मांजर हाकलायला बाहेर गेले. पण शेजारच्या शेवंताबाईंना हाकलता येईना. त्या कुंपणावर हात टेकून उभ्या होत्या. शेवंताबाई स्वभावाने प्रेमळ. गावात कुणाचं काही बिघडलं की रात्रीतून चार घरी स्वतः जाऊन सांगायच्या.

“काय गो सगुने,” त्या म्हणाल्या, “श्रावनात मांजरांना हलदीकुंकवाला बोलावलंस?”

दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर सगुणाबाई आल्या की बोलणं थांबू लागलं. सगुणाबाईंचा श्रावण म्हणजे गावात दाखला होता. लग्न झाल्यापासून त्यांच्या चुलीला श्रावणात मासा शिवला नव्हता. मंगळागौरीला आणि शुक्रवारच्या हळदीकुंकवाला बायका त्यांनाच आधी बोलवायच्या. ह्या शुक्रवारी कुणी बोलावलं नाही. त्यांनी नवऱ्याला पुन्हा विचारलं. पॉलिश, शेठ म्हणाले. त्या दिवसापासून सगुणाबाई बोलायच्या बंद झाल्या, आणि शेठच्या ताटात जे पडायचं ते भांड्यांच्या आवाजासकट पडायचं. खांब घासून तेल काढायचा प्रयत्न शेठनी केला. राखेने घासल्यावर वास दुप्पट झाला. उदबत्त्या लावल्या. मग घरातून मुशीला कुणीतरी पूजेला बसवल्यासारखा वास येऊ लागला.

आणि मधल्या खांबाच्या मागे, तेल जिथे पोचलं नव्हतं तिथून, मातीची एक नवी कोरी रेघ वर चढत होती. जो खाणारा लाकडाच्या पोटात बसलाय, त्याला तुम्ही बाहेरून काय चोळता ह्याच्याशी काय देणंघेणं.

रविवारी दहाच्या सुमाराला गोटीराम घरत आणखी दोन पंचांना घेऊन खाडी ओलांडून आले. गोटीराम साठीचे, धिप्पाड, डोक्याला काळी टोपी, कपाळाला शेंदूर. शेठनी आधीच सगळं योजून ठेवलं होतं. स्वतः ते मधल्या खांबाला पाठ टेकून बसले, म्हणजे खांब दिसायला नको. नवा कोरा सदरा पाठीवर हळूहळू तेल पीत होता, पण शेठ हलले नाहीत. उठले असते तर सदऱ्याबरोबर खांबाचा पापुद्रा आला असता, अशीही त्यांना भीती होती.

पाहुण्यांनी मात्र खांबांकडे बघितलंच नाही. ओटीवर पाऊल टाकल्या टाकल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. गोटीरामांनी डोळे मिटले आणि देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखा एक लांब श्वास घेतला. चहा झाला. पाऊसपाणी झालं, आवणाचं म्हणजे भातलावणीचं झालं, ठाणे-बेलापूर रस्त्याला नव्या येणाऱ्या कारखान्यांचं झालं. शेठ मनातून खूष होत होते. लाकडाची गोष्टच निघत नव्हती. दुसरा चहा झाला. पाहुणे उठायचं नाव घेईनात. एक पंच सारखा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

शेवटी गोटीराम सरकून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “शेट, आमी कोनाला बोलनार नाय.”

शेठना काही कळेना.

“श्रावन आमी खारीच्या पल्यार ठेवून आलो,” खाडीकडे हात करत गोटीराम म्हणाले. “तीन पानं वारायला सांगा वहिनीला. रस्सा असला तरी चालंल.”

घरात मासे नाहीत, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. गोटीरामांनी ओटीभर मांजरांकडे बोट दाखवलं. ही काय एकादशीला जमलीत काय, असं त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. पंचांचे चेहरे पडले. खाडीपलीकडून माणसं आली आणि यजमान भांडं झाकून बसलाय, याच्याइतका अपमान आमच्या मुलखात दुसरा नाही. ज्याच्या घरात पाहुण्याला तुकडा मिळत नाही त्याच्याकडून चोवीस खांब कोण घेणार?

गोटीराम जुने पंच होते. गाठ सोडवायची त्यांना सवय होती. त्यांनीच समजुतीने वाट काढून दिली. म्हणाले, शेठ, लाजू नका. बायामाणसांच्या जिभेला कधी राहवत नाही. वहिनींनी केलं असेल, त्यात काय, आमच्या घरीपण होतं. नुसतं ‘होय’ म्हणा, आम्ही खाऊ, हात धुवू, आणि लाकडाचं इथेच पक्कं करून टाकू.

नुसतं ‘होय’ म्हणायचं होतं. धर्माकडून दोन सुके बोंबील आणायला किती वेळ लागला असता? शेठनी मान वर केली. दारात सगुणाबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे, साखर मागायच्या निमित्ताने आलेल्या शेवंताबाई. सगुणाबाईंनी हातातले रिकामे कप उंबऱ्यावर ठेवले.

“माज्या चुलीला मासा लागला नाय,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. “तुमी बोला आता.”

चांगदेवशेठनी बारा वर्षांच्या वाक्याचा विचार केला, चोवीस खांबांचा विचार केला, आणि ह्या शुक्रवारी एकट्याच देवाला जाऊन आलेल्या बायकोचा विचार केला. तिसरा विचार जड भरला.

“तिनं काय केलं नाय,” ते म्हणाले. “खांबाला मुशीचं तेल लावलंय. मीच लावलं. माज्या घराला वालवी लागलीय.”

मग शेठ उठले. पाठीमागून ‘चर्र’ असा आवाज झाला आणि खांबाचा हातभर पापुद्रा सदऱ्याला चिकटून आला. आत मातीने भरलेल्या गल्ल्या आणि त्यातून धावणारे पांढुरके जीव.

आठ दिवस कोंडलेलं आता बाहेर पडलं. एकदा अब्रू गेलीच आहे म्हटल्यावर माणसाला जो मोकळेपणा येतो, तो शेठना आला होता. त्यांनी गोटीरामांचा हात धरून त्यांना कणगीमागे नेलं, मातीची रेघ दाखवली, ती खालून वर कशी जाते ते दाखवलं. रेघ मोडून शिपाई दाखवले. हातोडी घेऊन ‘ठण्ण’ आणि ‘डब्ब’ वाजवून दाखवलं, पंचांकडून वाजवून घेतलं, चुकल्यावर पुन्हा वाजवायला लावलं. पुडीत बांधून ठेवलेले पंख काढून मुंगीचा आणि वाळवीचा फरक सांगितला. मग पहार आणून स्वतःच्या हाताने सारवलेली जमीन फोडली आणि स्वतःच भरलेला भुसा ओंजळीने वर काढला. म्हणाले, लाकूड बिचारं गरीब, वाळवी राहते जमिनीत. तिला ओल लागते, अंधार लागतो, आणि वर चढायला लाकडाचा जिना लागतो. मी तिन्ही दिलं. खांब दगडावर बसवा, जोत्यात मुरूम भरा, भिंतीला ओल येऊ देऊ नका, पांढरं लाकूड घेऊ नका, आणि दर महिन्याला खाली वाकून रेघ बघा. महिना चुकलात की गेलात.

एक वाजला तरी शेठ बोलत होते. गोटीराम गुडघ्यावर वाकून, टोपी काढून ऐकत होते. मासे पार विसरले होते. शेवटी उठताना त्यांनी शेठचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं की लाकडाचे व्यापारी पुष्कळ बघितले, पण इतकं खरं बोलणारा नाही बघितला. आता कमिटीत एकच मत होणार.

पाहुणे गेले. शेवंताबाई साखर न घेताच गेल्या. त्यांना आज चार नाही, चाळीस घरं करायची होती. सगुणाबाईंनी नवऱ्याच्या पाठीवरचा सदरा सोलून काढला.

“आधी बोलला असता तर मी चुना नि मुरूम मागवला असता,” त्या म्हणाल्या. “जेवाला बसा.”

पोळ्याच्या आत शेठनी जोतं उपसायला घेतलं. गणपती बसले ते खड्ड्याच्या कडेला. कमरेइतकं खोल गेल्यावर राणी सापडली, बोटाएवढी लठ्ठ, पांढरी, हलताही न येणारी. सगुणाबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या की ही तर सुट्टीत येणाऱ्या वन्संसारखी दिसतेय. पाचही खांब तळखड्यांवर चढले, जोत्यात मुरूम भरला गेला, आणि दिवाळीला शेठनी दाढी केली. मंगळवारी असो, शुक्रवारी असो, बायका पुन्हा सगुणाबाईंना आधी बोलवू लागल्या. घर वाचलं, नाव वाचलं. यायचं उरलं होतं फक्त जासईच्या कमिटीचं पत्र.

पत्र नाही आलं, गोटीराम स्वतः आले. म्हणाले, शेठ, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. कमिटीला तुमचं सगळं समजावून सांगितलं. लाकूड पारखायचं, जोतं पारखायचं, ओल बघायची, दर महिन्याला पंचांनी खाली वाकून रेघ शोधायची. आमच्या पंचांना वाकवत नाही. तेव्हा एकमताने ठरलं: कारखानेवाले आणतात तसे लोखंडी खांब आणि वर सिमेंटचे पत्रे. तुम्ही नसतात तर आम्ही भाबडेपणाने चोवीस लाकडी खांब घेऊन बसलो असतो. शेठनी चहा घ्या म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चैत्रात हनुमान जयंतीला मंडपाचं उद्‌घाटन झालं. आसपासच्या दहा गावांची माणसं जमली होती. चांगदेवशेठ सगुणाबाईंना घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. आल्यापासून चौघांनी त्यांना आपल्या घरचे खांब वाजवून द्यायला यावं म्हणून गळ घातली होती. लाकूड एकानेही मागितलं नव्हतं. आरती झाली, आणि गोटीराम माईकपुढे आले. त्यांनी देणगीदारांचे आभार मानले, गवंड्यांचे मानले, मग घसा साफ करून, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

“आनि आता ज्यांच्या कृपेनं ह्या मंडपात औषधालासुद्धा लाकूड वापरलेलं नाय, ते आपले शिरवण्याचे लाकडाचे व्यापारी चांगदेवशेट म्हात्रे, यांनी पुढं येऊन नारळ घ्यावा.”